बल्क कूलरमध्ये आर-२२ संपला: १३४ए भरू, एचसी भरू की अजून काही? (१००० लिटर टाकी, दारव्हा)

दूधकेंद्र_दारव्हा

नमस्कार मंडळी. गावच्या संकलन केंद्रावर १००० लिटरची बल्क कूलर टाकी आहे. सकाळी साधारण ५०० लिटर दूध येतं, संध्याकाळी ३०० ते ३५०. युनिट थ्री-फेज आहे: सीलबंद रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर, पंख्याचा कंडेन्सर (गरम गॅस थंड करून द्रव करणारा), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (तो द्रव मोजून टाकीखालच्या पत्र्यांत सोडणारा). पाटीवर गॅस आर-२२, ४.५ किलो.

फेब्रुवारीपासून गॅस तिसऱ्यांदा कमी झाला. पूर्वी ५०० लिटर दूध पावणेतीन तासांत ४ अंशांवर यायचं, आता पाच तास लागतात. सक्शनचा (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसच्या दाबाचा) गेज ३० पीएसआयवर आहे. टाकीच्या तळाला एका कोपऱ्यात दूध गोठतं आणि वरचं १० अंशांच्या खाली येत नाही.

मेकॅनिक म्हणतात, आर-२२ बंद होत आहे, मिळाला तरी महाग. त्याऐवजी १३४ए भरू, तो "ओझोनवाला गॅस" आहे. नाहीतर हायड्रोकार्बन (एचसी) भरू, तो स्वस्त आणि अर्धाच लागतो. टँकर दुपारी येतो आणि दूध ५ अंशांच्या वर असलं की परत जातं. माझे प्रश्न:

१३४ए याच कॉम्प्रेसरवर चालेल का? आर-२२ खरंच बंद झाला का? एचसी दूध केंद्रात भरावा का?

---

गेज_अमरावती

भाऊ, कोणता गॅस हे नंतर बघू. गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळीत फिरत राहतो. तीन महिन्यांत तीनदा कमी झाला म्हणजे गळतो आहे. गळती न काढता कोणताही गॅस भरला तरी जुलैत तुम्ही पुन्हा इथेच असाल.

तुमची लक्षणं कमी गॅसचीच आहेत. ३० पीएसआयला आर-२२ साधारण उणे १४ अंशांना उकळतो. दूध थंड करताना तो उणे ५ ते उणे २ अंशांत उकळायला हवा, म्हणजे गेजवर ४६ ते ५३. गॅस कमी असला की व्हॉल्व्हजवळच्या थोड्या पत्र्यावरच तो उकळून संपतो. तो कोपरा गोठतो आणि बाकीची टाकी कोरडी राहते. याहून मोठा धोका कॉम्प्रेसरला आहे. सीलबंद कॉम्प्रेसरची मोटर परत येणाऱ्या थंड गॅसनेच थंड राहते. मे महिन्यात अर्ध्या गॅसवर पाच-पाच तास चालवली तर वाइंडिंग जळते.

गळती शोधायची रीत अशी. उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्या, हवेत सोडू नका. मग कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून १५० पीएसआयपर्यंत भरा. ऑक्सिजनचा सिलिंडर या कामाला कधीही लावायचा नाही, कॉम्प्रेसरच्या ऑइलशी त्याचा स्फोट होतो. प्रत्येक जोडाला साबणाचा घट्ट फेस लावा आणि एका जागी निदान एक मिनिट थांबून बघा, कारण बारीक गळतीचा बुडबुडा सावकाश फुगतो. जिथे तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसेल तिथून सुरुवात करा. गॅससोबत ऑइलही झिरपतं, त्यामुळे तो डागच जागा दाखवतो.

मग रात्रभर दाब धरून ठेवा, पण वाचताना तापमानाचा हिशेब करा. दुपारी ४२ अंशांत १५० भरले असतील तर पहाटे २७ अंशांना गेज १४२ दाखवेल. ती गळती नव्हे, थंडीने नायट्रोजन आकसला. १३५ दिसले तर मात्र गळती आहे.

आता १३४ए. भरू नका. तो उणे २६ अंशांना उकळतो, आर-२२ उणे ४१ ला. त्याच तापमानाला १३४एचा दाब कमी आणि वाफ विरळ असते, म्हणून तोच कॉम्प्रेसर प्रत्येक फेऱ्याला कमी वजनाचा गॅस ओढतो. थंड करण्याची ताकद ३५ ते ४० टक्क्यांनी घटते. तुमचं ५०० लिटर दूध ३५ वरून ४ अंशांवर आणायला सुमारे १७ युनिट इतकी उष्णता काढावी लागते. तीन तासांत म्हटलं तर पावणेसहा किलोवॉट, एसीच्या मापाने साधारण १.६५ टन. आजच्या कॉम्प्रेसरची ताकद तेवढीच आहे. त्यातून ३५ टक्के गेले की गॅस पूर्ण भरूनही साडेचार तास लागतील. शिवाय त्यातलं मिनरल ऑइल १३४एमध्ये विरघळत नाही. ते टाकीखालच्या पत्र्यांत जाऊन बसेल आणि कॉम्प्रेसर कोरडा पडेल.

१३४ए गॅस वाईट नाही. आर-१२ या जुन्या गॅसच्या जागी तो फ्रीजमध्ये, गाडीच्या एसीत, दम्याच्या पंपातसुद्धा आला आणि नीट चालला. पण तो आर-१२ची जागा घेणारा गॅस आहे, आर-२२ची नव्हे.

---

मोर्शीचा_माणूस

भाऊ, पयले दाब-स्विचच्या बारीक नळ्या पाहा. लो प्रेशर अन् हाय प्रेशर कट-आउटले ज्या तांब्याच्या पातळ नळ्या जातात नं, त्या पत्र्याले घासून घासून छेद पडते. कॉम्प्रेसर हालते, नळी हालते, वर्ष-दोन वर्षांत काम खल्लास. त्याच्यानंतर सर्व्हिस पोर्टचे पिन व्हॉल्व्ह. टोपीत रबर नसलं तं तिथूनच जाते. मंग एक्स्पान्शन व्हॉल्व्हचे फ्लेअर नट, कंडेन्सरचे यू-बेंड.

हे सगळं बरोबर निघालं अन् तरी दाब उतरला, तं टाकीखालच्या पत्र्यात गळती हाय. तो भाग दोन्हीकडून बंद करून एकटा तपासा. तिथं निघाली तं खर्च मोठा हाय, गॅस बदलाचा विचार तवाच करजा.

---

शीतक_नागपूर

"बंद झाला का" याचं उत्तर तारखांसकट देतो, कारण "बंद होणार" एवढ्या दोन शब्दांवर गावोगाव चुकीचे गॅस भरले जात आहेत.

१९८७ च्या मॉन्ट्रियल करारात ओझोन खाणाऱ्या रसायनांना आळा घालायचं ठरलं, भारत त्यात १९९२ मध्ये आला. आर-१२ सारखे सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) २०१० पासून बंद झाले. आर-२२ हा एचसीएफसी, म्हणजे हायड्रोजन असलेला सीएफसीचाच प्रकार आहे. त्याचं ओझोन-नुकसान आर-१२च्या विसाव्या भागाएवढं, म्हणून त्याला जास्त मुदत मिळाली. वापर २०१५ मध्ये १० टक्के कमी, २०२० मध्ये ३५ टक्के, २०२५ मध्ये ६७.५ टक्के आणि २०३० मध्ये बंद. त्यानंतरही जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी २०४० पर्यंत अगदी थोडा साठा राखला आहे. म्हणजे आज आर-२२ वापरून जुनं यंत्र दुरुस्त करणं नियमात बसतं. तो दरवर्षी कमी मिळेल आणि महागेल, हे मेकॅनिकचं म्हणणं खरं आहे.

१३४एसारखे एचएफसी गॅस ओझोनला का चालतात? ओझोन फोडतो तो क्लोरीन, आणि अग्निशामक हॅलॉनमधला ब्रोमीन. क्लोरीनचा एक अणू वर गेला की हजारो ओझोन रेणू फोडून मगच शांत होतो. एचएफसीत हायड्रोजन, फ्लोरीन आणि कार्बन एवढेच असतात, क्लोरीन नाहीच. म्हणून ओझोनच्या खात्यात त्यांचा आकडा शून्य.

पण "ओझोनला चालतो" म्हणजे "हवेत सोडला तरी चालतो" असा अर्थ घेऊ नका. हे गॅस उष्णता धरून ठेवतात. एक किलो १३४ए हवेत गेला तर १४३० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम होतो. आर-२२च्या जागी वापरतात त्या ४०७सीचा आकडा १७७४, ४१०एचा २०८८, आणि डीप फ्रीजरमधल्या ४०४एचा तब्बल ३९२२. आर-२२ स्वतः १८१० आहे. म्हणूनच २०१६ मध्ये किगालीला करार वाढवून एचएफसीही कमी करायचं ठरलं. भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे वापर २०२८ ला गोठेल, २०३२ ला १० टक्के कमी होईल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी. तेव्हा आज एचएफसीवर गेलात तर यंत्राच्या उरलेल्या आयुष्यात गॅस मिळेल, चिंता नको.

आता हायड्रोकार्बन. इथे कृपा करून ऐका. हा स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद, प्रोपेन. गॅस म्हणून उत्तम आहे. दाब आर-२२च्या जवळ, मिनरल ऑइल चालतं, पर्यावरणाच्या बाजूने तर सर्वांत चांगला. त्यासाठीच बनवलेल्या यंत्रात जरूर वापरावा. तुमच्या यंत्रात नाही.

हिशेब करून बघा. प्रोपेन वजनाने आर-२२च्या ४० ते ४५ टक्के लागतो, म्हणजे ४.५ किलोच्या जागी सुमारे १.९ किलो. केंद्राची खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट धरली तर ३४ घनमीटर. हवेत घनमीटरमागे ३८ ग्रॅम प्रोपेन झाला की ठिणगीने पेट घेतो. सगळ्या खोलीला १.३ किलो पुरे. यंत्रात १.९ किलो आहे. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, त्यामुळे याहून खूप कमी गळती झाली तरी खालचा थर पेटण्याजोगा होतो. आणि ठिणगी कुठे? तुमच्या पॅनेलमधला काँटॅक्टर, दाबाचे कट-आउट, थर्मोस्टॅट, सगळे उघड्या संपर्काचे. दर वेळी यंत्र चालू होताना ठिणगी पडते. दूध घालायला सकाळी तिथे वीस-पंचवीस माणसं उभी असतात. ज्या यंत्रातून तीन महिन्यांत तीनदा गॅस गळला, त्यात हा गॅस भरणं म्हणजे अपघाताला बोलावणं आहे.

---

दूधकेंद्र_दारव्हा

सगळ्यांचे आभार. एचसी रद्द, १३४एही रद्द.

मोर्शीच्या दादांनी सांगितलं तिथेच निघालं. लो प्रेशर स्विचची नळी क्लॅम्पला घासली होती, अगदी केसाएवढा छेद. नवी नळी लावली, रबरी बुशिंग घातलं. एका पिन व्हॉल्व्हलाही बुडबुडे होते, तो बदलला. १५० पीएसआय दुपारी ४ वाजता, पहाटे १४३. म्हणजे बरोबर ना?

आता यंत्र रिकामं आहेच, तर याच वेळी ४०७सी करून टाकावं का? की आर-२२च भरू? आणि मेकॅनिक म्हणतात, अर्धा आर-२२ आणि वरून ४०७सी टाकू.

---

गेज_अमरावती

१४३ बरोबर आहे.

मिसळायचं नाही, हे आधी. दोन गॅस एकत्र केले की कोणताच दाब-तापमानाचा तक्ता लागू राहत नाही. सक्शनचा दाब बघून आत किती अंश आहेत ते सांगता येत नाही, आणि पुढे रिकव्हर केलेला गॅस कोणी परत घेत नाही.

माझं मत: कॉम्प्रेसर ठणठणीत असेल आणि गळती बंद झाली असेल तर ४.५ किलो आर-२२ मोजून भरा. गळत नसलेल्या यंत्रातला आर-२२ ओझोनला काही करत नाही.

---

शीतक_नागपूर

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. टाकी अजून आठ-दहा वर्षं वापरायची असेल तर तो काळ २०३० च्या पलीकडे जातो, आणि तेव्हा भर मे महिन्यात आर-२२साठी धावावं लागेल. पण ४०७सी करायचा तर पूर्ण करा. अर्धवट रूपांतरापेक्षा आर-२२ बरा, याबाबत अमरावतीच्या भाऊंशी सहमत. आणि हेही लक्षात ठेवा की हवामानाच्या हिशेबाने ४०७सी आणि आर-२२ जवळपास सारखेच, फायदा फक्त ओझोनचा आणि पुढच्या पुरवठ्याचा. ठरवायला एक सोपी कसोटी: कॉम्प्रेसरचं ऑइल काढून बघा. स्वच्छ असेल आणि मोटर कमी अँपिअर घेत असेल तर आर-२२. काळं, जळकट वासाचं असेल तर कॉम्प्रेसर लवकरच जाणार. तेव्हा नवा कॉम्प्रेसर एचएफसीचाच घ्या आणि त्याच वेळी बदल करा.

४०७सीची कृती लिहून ठेवतो, पुढे कोणालाही लागेल.

ऑइल. जुनं मिनरल ऑइल काढून पीओई (एचएफसीत विरघळणारं कृत्रिम ऑइल) घालायचं, तेही कॉम्प्रेसरच्या पाटीवर सांगितलेल्या ग्रेडचं. सीलबंद कॉम्प्रेसरला तळाला बूच नसतं, तो उतरवून सक्शनच्या नळीतून ओतावा लागतो. निघालेलं ऑइल मापाने मोजा, तेवढंच पीओई भरा. पाइपांत आणि टाकीच्या पत्र्यांत राहिलेलं मिनरल ५ टक्क्यांपेक्षा कमी हवं. त्यासाठी लांब लाइन नायट्रोजनने फुंकून काढा, आणि गरज पडली तर काही तास चालवून ऑइल पुन्हा एकदा बदला. पीओई हवेतलं पाणी शोषतं. पावसाळ्यात डबा उघडा पंधरा मिनिटं ठेवलात तरी ते खराब होतं. डबा फोडला की भरून टाका, उरलेलं पुढच्या वेळेला ठेवू नका.

फिल्टर ड्रायर नवा, एचएफसी आणि पीओईला चालणारा. तो सगळ्यात शेवटी, व्हॅक्यूम लावण्याआधी जोडा. नळ्या ब्रेझ करताना आतून नायट्रोजन हळू सोडत राहा. नाहीतर आत काळी पापुद्री धरते, पीओई तिला सोडवतं आणि ती जाऊन एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत अडकते. रूपांतरानंतर आठवड्याने "गॅस कमी झाला" अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा जाळी तुंबलेली असते.

व्हॅक्यूम. दोन-स्टेज पंप आणि मायक्रॉन गेज (बारीक व्हॅक्यूम मोजणारा; आकडा जितका कमी तितका व्हॅक्यूम चांगला). मॅनिफोल्डचा काटा ३० इंचांवर गेला म्हणजे झालं, असं नाही. तो गेज इतकं बारीक दाखवूच शकत नाही. ५०० मायक्रॉनपर्यंत उतरवा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा, अर्धा तास बघा. हजाराच्या आत थांबलं तर ठीक. चढत चढत दीड-दोन हजारावर थांबलं तर आत पाणी आहे: नायट्रोजनने फोडून पुन्हा व्हॅक्यूम. थांबतच नसेल तर गळती. कॉम्प्रेसरलाच पंप म्हणून चालवणारे मेकॅनिक अजून भेटतात. व्हॅक्यूममध्ये मोटरच्या टर्मिनलांत आर्क होऊन तो जळतो, तसं करू देऊ नका.

गॅस. ४०७सी हा तीन एचएफसींचा मिश्रगॅस: आर-३२ २३ टक्के, आर-१२५ २५ टक्के, १३४ए ५२ टक्के. सिलिंडरमध्ये वर वाफ असते तिच्यात हलके घटक जास्त असतात, म्हणून नेहमी द्रव रूपात भरायचा. सिलिंडरला आत द्रवाची नळी नसेल तर उलटा करा. बंद कॉम्प्रेसरवर, व्हॅक्यूममध्येच, लिक्विड लाइनमधून बहुतेक गॅस जाऊ द्या. उरलेला यंत्र चालू करून सक्शनमधून, व्हॉल्व्ह अगदी जरा उघडून. प्रमाण: आर-२२च्या ८५ टक्क्यांवर थांबा, म्हणजे ३.८ किलो. मग नळीवरच्या काचेतले बुडबुडे आणि सुपरहीट (उकळून झाल्यावर वाफ आणखी किती अंश तापली) बघत ४.३ पर्यंत. वजनकाटा हवाच.

सुपरहीट. ४०७सी एका तापमानाला उकळत नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाच-सात अंश चढतो. म्हणून त्याच्या तक्त्यात प्रत्येक तापमानाला दोन दाब असतात. सुपरहीट मोजताना वाफेचा, म्हणजे कमी असलेला दाब घ्या. ० अंशांना तो साधारण ५२ पीएसआय आहे, आर-२२चा ५७. एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा तापमान ओळखणारा बल्ब आर-२२च्या हिशेबाने भरलेला, त्यामुळे व्हॉल्व्ह जरा जास्तच उघडतो आणि द्रव गॅस कॉम्प्रेसरकडे जाण्याची भीती असते. व्हॉल्व्हची दांडी पाव-पाव फेरा आवळत जा, प्रत्येक वेळी १५ ते २० मिनिटं थांबा आणि ५ ते ६ अंश सुपरहीटवर सोडा. लो प्रेशर कट-आउट ५ पीएसआयने खाली घ्या. शेवटी पाटीवरचं आर-२२ खोडून ४०७सी, पीओई, वजन आणि तारीख कायमच्या शाईने लिहा. पुढचा मेकॅनिक पाटी वाचूनच गॅस भरतो.

एकदा ४०७सी गळून बराच कमी झाला तर वरून भर घालू नका. काढून घ्या, गळती बुजवा, नव्याने पूर्ण भरा. कोणता घटक किती गेला हे सांगता येत नाही.

---

कापूसपट्टा

कंडेन्सरकडे कोणी बघितलंच नाही. आपल्याकडे बाहेर ४६-४७ अंश असताना आत गॅस ६० अंशांच्या आसपास द्रव होतो. ६० ला आर-२२ चा दाब ३३७ पीएसआय, ४०७सीचा ३८०च्या पुढे. म्हणजे ४०७सीवर हाय प्रेशर कट-आउट आधी उडेल. तेव्हा मेकॅनिकने कट-आउटचा स्क्रू वाढवून द्यायचा नाही. आधी कंडेन्सर धुवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जिनिंगच्या दिवसांत हवेत कापसाचे तंतू असतात. ते फिन्समध्ये आतून गोधडीसारखे बसतात, बाहेरून दिसत नाहीत. पंखा काढून आतल्या बाजूने बाहेर पाणी मारा, साध्या नळीने. फवारणीचा पंप वापरू नका. त्यात कीटकनाशकाचा अंश राहतो आणि हे दुधाचं ठिकाण आहे. शिवाय जोराच्या धारेने फिन्स मुडपतात. उन्हाळाभर कंडेन्सरवर बोअरचं पाणी शिंपडत राहणंही नको, त्याचा पांढरा थर बसतो तो निघत नाही. वरून सावली करा, पण चहूबाजूंनी नेट बांधू नका. गरम हवा तिथेच फिरली तर सावलीचा उपयोग नाही. भिंतीपासून निदान दोन फूट अंतर ठेवा.

वीज: थ्री-फेजमध्ये एक फेज गेला की मोटर मिनिटांत जाते, सिंगल-फेज प्रिव्हेंटर लावा. लाइट येताच लगेच कॉम्प्रेसर सुरू होऊ नये म्हणून तीन मिनिटांचा टाइमर.

---

गेज_अमरावती

कापूसपट्टा यांचं बरोबर आहे, दाब आधी कंडेन्सरमुळेच वाढतो.

गॅस विकत घेताना एक गोष्ट तपासा. सिलिंडर सावलीत चार-पाच तास ठेवा म्हणजे आतलं तापमान खोलीएवढं होईल, मग गेज लावा. ३५ अंशांना आर-२२ ने १८२ पीएसआय दाखवायला हवं. १० पीएसआयपेक्षा जास्त फरक असला तर भेसळ किंवा आत हवा, परत करा. १३४ए घेणाऱ्यांनी जास्त जपावं. त्यात मिथाइल क्लोराइड मिसळून विकल्याची प्रकरणं झाली आहेत, आणि दोघांचा दाब जवळपास सारखा असल्याने गेजवर कळत नाही. ते अॅल्युमिनियमशी मिळून असं रसायन तयार करतं, जे हवा लागताच पेटतं. २०११ मध्ये जहाजांवरच्या थंड कंटेनरांचे कॉम्प्रेसर याच कारणाने फुटून माणसं दगावली. सीलबंद डबा, बॅच नंबर आणि बिल नसेल तर घेऊ नका.

तुमचं ऑइल कसं निघालं ते कळवा.

---

दूधकेंद्र_दारव्हा

ऑइल फिकट पिवळं, वास नाही. मोटर पाटीवरच्या अँपिअरपेक्षा कमीच घेते. ५०० मायक्रॉनला धरलं, अर्ध्या तासात ७२० वर थांबलं. नवा ड्रायर लावून ४.५ किलो आर-२२ काट्यावर भरला. सक्शन ४९, दूध ५०० लिटर, २ तास ५० मिनिटांत ४ अंश. कंडेन्सर उद्या दुपारचा टँकर गेल्यावर धुतो. टाइमर आणि प्रिव्हेंटर यवतमाळहून मागवले आहेत.